मावळतीचा फोटो शिकताना

पहिल्या संध्याकाळी जवळजवळ प्रत्येकाच्या हाती एकच फोटो येतो. मधोमध पांढरा ठिपका, त्याभोवती पिवळट डाग, आणि खाली जमीन एकतर काळीकुट्ट नाहीतर धुरकट. डोळ्यांनी पाहिलेलं केशरी आकाश त्यात कुठेच नसतं. कॅमेऱ्याचा यात दोष नाही. डोळा सूर्याच्या बाजूला आणि पायाखालच्या खडकाकडे आळीपाळीने पाहताना बाहुली लहानमोठी करत राहतो आणि मेंदू ती दोन्ही चित्रं जुळवून घेतो. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये एकच माप, म्हणजे किती उजेड आत घ्यायचा याचं एकच प्रमाण, वापरता येतं. ते माप आकाशाचं घ्यायचं की जमिनीचं, हा निर्णय स्वतः घ्यायला लागलात की निम्मं शिकून झालं. उरलेलं बहुतेक सगळं त्या निर्णयाला हातभार लावणारं आहे.

एक गोष्ट मात्र त्याआधी, कारण ती चुकली तर तिला दुरुस्ती नाही. आरसा असलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्यात व्ह्यूफाइंडरला डोळा लावून सूर्याकडे पाहायचं नाही. लेन्स उजेड गोळा करून थेट डोळ्यात ओतते, आणि लेन्स जितकी लांब पल्ल्याची तितका धोका मोठा. फ्रेम मागच्या स्क्रीनवर पाहून लावा. समोर गडद एनडी फिल्टर लावला म्हणून डोळा सुरक्षित होत नाही. तो दिसणारा उजेड कापतो, पण अवरक्त किरण बऱ्याच अंशी आत येऊ देतो. कॅमेऱ्यालाही जपायला हवं. मोठी टेलिलेन्स सूर्यावर रोखून ट्रायपॉडवर तशीच सोडली तर शटरचा पडदा किंवा सेन्सर जळू शकतो. दोन फोटोंमध्ये वेळ जाणार असेल तर लेन्सचं टोपण लावावं, नाहीतर कॅमेरा बाजूला वळवावा.

जागेवर मावळण्याच्या किमान ४५ मिनिटं आधी पोहोचायचं. दिलेली सूर्यास्ताची वेळ सपाट क्षितिजासाठी असते. समोर डोंगर किंवा इमारती असतील तर सूर्य त्याआधीच जातो, आणि किती आधी हे हातानेच मोजता येतं. हात पूर्ण ताणून मूठ डोळ्यासमोर धरली की ती साधारण १० अंश झाकते. सूर्य आकाशात तासाला १५ अंश सरकतो. विषुववृत्ताजवळच्या प्रदेशात तो जवळपास सरळ खाली उतरतो, म्हणून तिथे एक मूठ म्हणजे ४० मिनिटं; जिथे तो तिरपा उतरतो तिथे त्याहून जास्त. चार बोटं म्हणजे एक तास हा सर्रास सांगितला जाणारा ठोकताळा म्हणूनच सगळीकडे लागू पडत नाही. तुमच्या जागेवर एकदा घड्याळ लावून मोजा आणि तो आकडा कायमचा लक्षात ठेवा. डोंगर अर्धी मूठ उंच असेल तर वीसेक मिनिटं आधीच कातरवेळ सुरू होणार.

कोणत्या दिवशी जायचं, याचं उत्तर ढगांकडे असतं. नवशिक्याला निरभ्र आकाश आवडतं, पण रंग उमटायला पडदा लागतो. सहा किलोमीटरच्याही वर असणारे पिसासारखे तंतुमेघ आणि त्यांच्याखालचे पिंजलेल्या कापसासारखे मधल्या उंचीचे ढग हे उत्तम पडदे. पश्चिमेला अगदी खाली जाड, सपाट, करडा थर असेल तर मात्र फार आशा ठेवू नका. उजेड ढगांच्या खालून आत शिरायला पश्चिमेच्या कडेला फट हवी. वरती भरपूर ढग आणि क्षितिजाशी एक मोकळी पट्टी दिसली, तर हातातलं काम टाकून निघावं अशी ती संध्याकाळ असते. रंगाचं कारण साधं आहे. मावळतीला उजेड हवेच्या फार लांब थरातून येतो आणि हवेचे रेणू आखूड लहरींना जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा उजेड ६५० नॅनोमीटरच्या तांबड्यापेक्षा चौपटीहून अधिक विखुरतो. त्यामुळे वाटेत निळा गळून जातो आणि तांबडा पोहोचतो. धूळ आणि धुराचे मोठे कण मात्र सगळ्या रंगांना जवळपास सारखंच विखुरतात, म्हणून धुरकट दिवशी बिंब लाल दिसलं तरी आकाश मळकं राहतं आणि पाऊस पडून गेलेल्या संध्याकाळी तेच आकाश पेटतं. याला एक मोठा अपवाद आहे. १८८३ साली क्राकाटोआ आणि १९९१ साली पिनाटुबो या ज्वालामुखींचे उद्रेक झाले, तेव्हा गंधकयुक्त सूक्ष्म थेंब हवेच्या वरच्या थरात पसरले आणि कित्येक महिने जगभरच्या संध्याकाळी वेगळ्याच रंगल्या. कण किती बारीक आणि किती उंचावर, यावर सगळं ठरतं.

आता माप. कॅमेऱ्यातलं मीटर समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. फ्रेममध्ये सूर्य मोठा असेल तर ते घाबरून सगळंच काळं करतं. जमीन जास्त असेल तर ती उजळवण्याच्या नादात आकाश पांढरं करून टाकतं. शिवाय फ्रेम जराशी हलली की मापही बदलतं. म्हणून मॅन्युअल मोड लावा. आयएसओ (सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १००, ॲपर्चर (लेन्समधल्या छिद्राचं माप) एफ/८, आणि फक्त शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं) बदलत राहा. बदलायला एकच गोष्ट उरली की चुकाही एकाच जागी शोधाव्या लागतात.

मीटरिंग स्पॉटवर ठेवा, म्हणजे मीटर फक्त मधल्या ठिपक्यापुरतं माप घेईल. सूर्य फ्रेमबाहेर जाईल इतका कॅमेरा वळवा, बिंबापासून दोनेक मुठी दूरच्या आकाशावर मधला ठिपका आणा, आणि मीटरचा काटा शून्यावर येईल असा शटर स्पीड लावा. मग मूळ फ्रेमवर परत या आणि काटा काहीही म्हणत असला तरी तिकडे लक्ष देऊ नका. सुरुवातीला पकडायला आकडे हवेत, तर हे घ्या: मावळण्याच्या अर्धा तास आधी १/५०० सेकंद, बिंब क्षितिजाला टेकताना १/१२५, त्यानंतर १० ते १२ मिनिटांनी १/१५ आणि २० ते २५ मिनिटांनी एक सेकंद. ढगांप्रमाणे यात एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) इकडेतिकडे होतील, पण उतार हाच. सूर्य गेल्यावर दर साडेतीन-चार मिनिटांना उजेड निम्मा होतो असं धरून चाला. मॅन्युअल मोडमध्ये सगळ्यात जास्त होणारी चूकही इथलीच: सुंदर रंग पाहत माणूस शटर दाबत राहतो, स्पीड बदलायचं राहून जातं, आणि शेवटचे पंधरा फोटो एकापाठोपाठ काळे होत जातात. प्रत्येक तिसऱ्या मिनिटाला माप पुन्हा घ्यायची सवय बोटांना लागली पाहिजे.

फोटो बरोबर आला की नाही, हे स्क्रीनवर पाहून ठरवू नका. अंधारत चाललेल्या वेळी तीच स्क्रीन झगझगीत दिसते, फोटो पुरेसा उजळ वाटतो, आणि घरी आल्यावर तो दोन स्टॉप अंधारलेला निघतो. हिस्टोग्राम पाहा, म्हणजे फोटोत किती काळं आणि किती उजळ आहे हे डावीकडून उजवीकडे दाखवणारा आलेख. आणि इथे आमचा आग्रह आहे की एकच पांढरा आलेख पाहून थांबू नका, तांबडा, हिरवा, निळा असे तीन वेगळे आलेख दाखवणारा पर्याय सुरू करा. मावळतीच्या आकाशात तांबडा सगळ्यांत आधी उजव्या भिंतीला धडकतो. एकत्रित आलेख त्या वेळी ठाकठीक दिसत असतो. तांबडा कमाल मर्यादेला पोहोचून अडकला आणि हिरवा मागून वाढतच राहिला, की केशरीचा पिवळा होतो; शिवाय ढगाचे पदर, त्यांतल्या फिक्यागडद रेघा नाहीशा होऊन तिथे एकसारखा रंग फासल्यासारखा दिसतो. पहिल्या संध्याकाळचा तो पिवळट डाग हाच. उपाय एवढाच की तांबड्याचा आलेख भिंतीपासून थोडा अलीकडे राहीपर्यंत शटर वेगवान करायचा. प्रत्यक्ष सूर्यबिंब पांढरं गेलं तर जाऊ दे. ते उंच असताना कोणताही सेन्सर त्यात तपशील पकडू शकत नाही. बिंबाभोवतीचं आकाश मात्र वाचलंच पाहिजे.

एक बारीक खोच आहे. रॉ फाइल (सेन्सरने टिपलेली कच्ची नोंद) घेत असलात तरी स्क्रीनवरचा हिस्टोग्राम कॅमेऱ्याने आतल्या आत बनवलेल्या जेपेगवरून (तयार, दाबून लहान केलेल्या फोटोवरून) काढलेला असतो. पिक्चर स्टाइल, म्हणजे जेपेगचे रंग ठरवणारी निवड, व्हिव्हिड (भडक) ठेवली असेल तर तांबडा उगाचच लवकर फुटलेला दिसतो. ती न्यूट्रलवर ठेवा, आलेख खऱ्याच्या जवळ जाईल. आणि रॉ घ्याच. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगात नंतर थोडी जरी ओढाताण केली, तरी जेपेगमध्ये पट्टे दिसू लागतात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरं दिसावं म्हणून केलेली रंगदुरुस्ती, ऑटोवर असेल तर कॅमेरा केशरी झाक म्हणजे दोष समजून ती पुसायला बघतो. डेलाइट म्हणजे साधारण ५,२०० ते ५,५०० केल्व्हिन लावून ठेवा. क्लाउडी लावलं तर रंग आणखी उबदार येतो. सूर्य जाण्याआधी ते चालून जातं, नंतरच्या निळसर जांभळ्या वेळेला मात्र ते मारक ठरतं.

लेन्सबद्दल नवशिक्या फार विचारतात. आमच्या मते तुमच्याकडे आहे ती पुरे. फक्त सूर्य किती मोठा दिसेल याचा हिशेब आधी करा. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाहून किंचित मोठा दिसतो. लेन्सच्या फोकल लांबीला, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या मिलिमीटरच्या आकड्याला, ११० ने भागलं की सेन्सरवरच्या बिंबाचा व्यास मिळतो. २४ मिलिमीटरला ते जेमतेम ०.२ मिलिमीटर, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंदीच्या फुल फ्रेम सेन्सरवर टाचणीचं टोक. ४०० मिलिमीटरला ३.६, म्हणजे फ्रेमच्या उंचीचा सातवा भाग. रुंद लेन्सने सूर्य मोठा दाखवायचा हट्ट धरला की निराशा ठरलेली. रुंद लेन्स ढगांसाठी आणि पुढच्या जमिनीसाठी, लांब लेन्स बिंबासाठी.

फोकस हा दुसरा सापळा. ऑटोफोकसचा चौकोन कोऱ्या आकाशावर किंवा तळपत्या बिंबावर ठेवला की लेन्स पुढेमागे घरघरत राहते. बिंबाच्या कडेवर, क्षितिजरेषेवर किंवा दूरच्या झाडाच्या कडेवर फोकस घ्या आणि मग लेन्सवरचं बटण मॅन्युअलला सरकवा. आता शटर दाबताना तो बिघडणार नाही. जवळचा खडकही स्पष्ट हवा असेल, तर फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर आणि एफ/८ ला साधारण अडीच मीटरवर फोकस धरावा. सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. त्यासाठी एफ/२२ लावायची गरज नाही, उलट इतक्या बारीक छिद्रातून उजेड पसरतो आणि सगळंच थोडं मऊ पडतं. एफ/१६ मुद्दाम लावावं ते सूर्य एखाद्या फांदीआडून किंवा भिंतीच्या कडेवरून डोकावत असताना. तेव्हा त्याला किरण फुटतात. ॲपर्चरची पाती सम असतील तर पात्यांइतके, विषम असतील तर दुप्पट.

समोर सूर्य असला की लेन्सवरचा प्रत्येक डाग बोलतो. बोटाचा ठसा आकाशभर पांढुरकं पटल आणतो. मऊ कापडाने पुसा, आणि संरक्षणासाठी लावलेला यूव्ही फिल्टर काढून ठेवा, कारण हिरवे-जांभळे गोळे बहुतेक वेळा त्या जास्तीच्या सपाट काचेतून परतलेल्या उजेडाचे असतात. हा गोळा फ्रेमच्या मध्यबिंदूतून सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला पडतो. म्हणजे सूर्य वर डावीकडे असेल तर गोळा खाली उजवीकडे. एवढं ठाऊक असलं की फ्रेम किंचित हलवून तो गवतात किंवा काळ्या खडकात लपवता येतो. आकाश गडद करणारा पोलरायझर फिल्टरही घरीच राहू द्या. त्याचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वाधिक असतो, समोर सूर्य असताना तो फक्त उजेड खातो.

जमीन आणि आकाश दोन्ही हवं असेल तर वरचा अर्धा भाग गडद असलेला ग्रॅज्युएटेड फिल्टर मिळतो, पण क्षितिजावर झाडं किंवा डोंगर वर आलेले असतील तर त्यांचेही शेंडे तो काळे करतो. सुरुवातीला ट्रायपॉडवर तीन फोटो घ्या: दोन स्टॉप कमी, बरोबर, दोन स्टॉप जास्त. घरी ते जोडता येतात. लाटा, हलती पानं आणि पक्षी असतील तर जोडताना भुतं (पुसट दुहेरी आकार) दिसतात, तेव्हा जोडकाम टाळून एकाच रॉमधल्या सावल्या थोड्या उचला.

किंवा जमीन सरळ काळी जाऊ द्या. छायाकृती हा नवशिक्यासाठी सगळ्यात लवकर हाती येणारा प्रकार आहे, कारण तिथे कॅमेऱ्याची मर्यादाच कामी येते. आकाशाचं माप घ्यायचं, वाटलं तर आणखी एक स्टॉप कमी करायचं, बस. अवघड असतो तो आकार. काळ्यात काळं मिसळलं की माणूस आणि झाड यांचा एकच ढिगारा होतो. माणसाला बाजूने उभं करा म्हणजे नाक-हनुवटी दिसेल, पाय एकमेकांपासून सुटे हवेत, हात अंगापासून दूर हवेत. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणला की डोकं आणि खांदे क्षितिजाच्या वर, उजळ आकाशावर येतात.

मोठ्या बिंबासमोर छोटा माणूस दाखवायचा तर ११० हाच आकडा पुन्हा लागतो. कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या ११० पट अंतरावरून पाहिली की ती बिंबाएवढीच दिसते. १.७ मीटर उंचीचा माणूस १८७ मीटरवर उभा असेल तर तो डोक्यापासून पायापर्यंत बिंबात मावेल. नवशिक्या पंधरा मीटरवरून प्रयत्न करतात आणि सूर्य माणसाच्या डोक्याएवढाही का होत नाही म्हणून वैतागतात. मागे चला, खूप मागे, आणि मग लांब लेन्स लावा. इथे घाई असते. बिंब खालच्या कडेने क्षितिजाला टेकल्यापासून दिसेनासं होईपर्यंत, ते सरळ उतरतं तिथे, दोन मिनिटांहून थोडाच जास्त वेळ मिळतो. फोकस, माप, माणसाची जागा सगळं त्याआधी झालेलं हवं. याच वेळी बिंब वरून-खालून चेपल्यासारखं दिसतं. ती लेन्सची चूक नाही. क्षितिजाजवळची हवा उजेड अर्ध्या अंशाहून जास्त वाकवते, खालच्या कडेचा अधिक, वरच्या कडेचा कमी. खरं तर बिंब टेकलेलं दिसतं तेव्हा सूर्य भूमितीच्या हिशेबाने क्षितिजाखाली गेलेला असतो.

सूर्य गेला की लोक बॅगा भरतात. थांबा. उंच ढगांना त्यानंतरही दहा-पंधरा मिनिटं खालून ऊन लागत असतं, आणि सगळ्यात गडद तांबडा-गुलाबी रंग बऱ्याचदा तेव्हाच येतो. चमक गेलेली असल्याने आकाश आणि जमीन यांतला फरकही कमी होतो, म्हणजे एकाच फोटोत दोन्ही बसतं. त्या वेळात एकदा पाठ फिरवून पूर्वेला पाहा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजाशी निळा-करडा पट्टा आणि त्यावर फिकट गुलाबी पट्टा चढताना दिसतो. खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची स्वतःची सावली. सूर्य ६ अंश खाली जाईपर्यंत, कमी अक्षांशांवर वीस-पंचवीस मिनिटं, काम करण्याजोगा संधिप्रकाश राहतो.

या वेळात ट्रायपॉडशिवाय भागत नाही. हातात धरून ५० मिलिमीटरला १/५० च्या खाली जाऊ नये हा जुना नियम, लहान सेन्सरला त्याहून कडक. ट्रायपॉडचे जाड पाय आधी उघडा, मधला दांडा वर काढू नका, वारा असेल तर खाली बॅग अडकवा. दोन सेकंदांचा टायमर लावा, कारण बोटाच्या दाबानेही एक सेकंदाचा फोटो हलतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद करा. क्षितिज इलेक्ट्रॉनिक लेव्हल पाहून सरळ करा. समुद्र एक अंश जरी कलला तरी पाणी सांडल्यासारखं वाटतं. क्षितिज मधोमध कापू नका, आकाश रंगलं असेल तर क्षितिज फ्रेमच्या खालच्या तिसऱ्या भागावर ठेवा. संथ पाण्यात संपूर्ण प्रतिबिंब असेल तेव्हा मध्य चालतो.

फोन असेल तर तत्त्व हेच. लेन्स पुसा, सूर्याच्या बाजूच्या आकाशावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि माप अडकेल, आणि बाजूची सूर्याची खूण खाली ओढून रंग भरेपर्यंत उजेड कमी करा. डिजिटल झूम वापरू नका. छायाकृती हवी असेल तर एचडीआर बंद करा, नाहीतर फोन तुमचा काळा आकार उजळवून करडा करून टाकतो.

घरी आल्यावर संगणकावर पहिला हात व्हाइट बॅलन्सला लावा, मग हायलाइट्स (उजळ भाग) खाली, मग सावल्या थोड्या वर. सॅच्युरेशनचा, म्हणजे रंग भडक करण्याचा, मोह आवरा. तांबडा आधीच भिंतीजवळ असतो, त्याला ढकललं की जपलेले ढगांचे पदर पुन्हा बुजतात. रंग गहिरा हवा असेल तर केशरीची उजळता कमी करा, तो आपोआप दाट होतो.

आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा जा. मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारास मावळतीची जागा रोज जवळजवळ सूर्याच्या रुंदीएवढी सरकते, जून आणि डिसेंबरच्या अखेरच्या दहा दिवसांत ती हलत नाही म्हटलं तरी चालेल. या दोन टोकांच्या मधली प्रत्येक जागा वर्षातून दोनदा येते: २० फेब्रुवारीला बिंब दूरच्या मनोऱ्यामागे उतरलं असेल, तर ते पुन्हा २२ ऑक्टोबरच्या आसपास तिथेच उतरेल. तो एक दिवस ढगांत गेला तरी हरकत नाही. मनोरा एक किलोमीटरवर असेल तर दुसऱ्या दिवशीचा फरक सात-आठ मीटरचा असतो. सूर्य उजवीकडे सरकला असेल तर ट्रायपॉड तेवढा डावीकडे न्या, बिंब पुन्हा मनोऱ्याच्या टोकावर येईल.